लिनफिटचा बँडमास्तर

(पडद्यावर: इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधली कोल्न दरी. सकाळचं धुकं, कालवा, उतारावरची दगडी घरं.)

हडर्सफील्ड सोडून नदीच्या कडेकडेनं वर निघालं की लिंथवेट लागतं. गावातली माणसं त्याला ‘लिनफिट’ म्हणतात. या दरीत लोकर यायची आणि कापड होऊन बाहेर पडायची. १८४३ साली इथंच एडविन स्विफ्टचा जन्म झाला. पोटासाठी विणकर, आणि जिवाला आवड कॉर्नेटची, म्हणजे ट्रम्पेटसारख्या छोट्या पितळी वाद्याची. संगीत तो स्वतःचं स्वतःच शिकला.

विणाईखात्यात कधी उभं राहिलात, तर कळेल. धोटा या टोकाहून त्या टोकाला आदळतो, परत येतो, पुन्हा आदळतो. एक माग नाही, रांगाच्या रांगा. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून उत्तर इंग्लंडातले विणकर ओठ वाचून बोलायचे. दिवसभर कानांना असा मार. आणि भोंगा झाला की त्याच माणसांनी बँडच्या सरावाला एका खोलीत जमायचं, ते ऐकण्यासाठी! पलीकडच्या हॉर्नचा सूर आपल्या सुराला लागतोय का, एवढंच ऐकण्यासाठी. मला या सगळ्या गोष्टीत हे सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या लालबाग-परळमध्ये पाळी संपवून भजनाला बसणारे गिरणी कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

(पडद्यावर: जवळून, कॉर्नेटचे तीन व्हॉल्व्ह. बोटं वर-खाली होतात.)

ही तीन बोटं नीट बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलणाऱ्या दाबायच्या कळा, आले. १८४० च्या दशकात अडॉल्फ साक्सनं लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घडणीची वाद्यं बनवली, सॅक्सहॉर्न. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये, म्हणजे पितळी वाद्यांच्या बँडमध्ये, आजही कॉर्नेटपासून थेट अवाढव्य बासपर्यंत जवळजवळ सगळे एकाच ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे स्वरलेखनाच्या एकाच पद्धतीत, वाचतात. बोटंही तीच, ट्रॉम्बोनची तेवढी सरकती नळी. वाचनात बास ट्रॉम्बोन तेवढा वेगळा. म्हणजे कॉर्नेट शिकलेला पोरगा उद्या त्याहून मोठा टेनर हॉर्न उचलू शकतो, परवा आणखी मोठं युफोनियम. ओठांची सवय बदलावी लागते, पण वाचन नव्यानं शिकावं लागत नाही. बँडमध्ये माणूस कमी पडला की कुणीतरी त्या खुर्चीवर सरकतो. अशी चार खुर्च्यांवर बसलेली माणसं पुढे बँडसमोर उभी राहतात, तेव्हा कुठल्या ओळीत काय अवघड आहे हे त्यांना आतून माहीत असतं.

वाद्यं महाग. कुठे वर्गणी काढायची, कुठे गिरणीमालक पुढे यायचा. क्वीन्सबरीत जॉन फॉस्टरनं १८५५ मध्ये आपल्या गिरणीच्या बँडला वाद्यं दिली, गणवेश दिले. तोच ब्लॅक डाइक बँड.

त्याआधी दोन वर्षं, सप्टेंबर १८५३ मध्ये, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत ब्रास बँडची मोठी स्पर्धा भरली होती. आठ बँड आले. मॉस्ली या गिरणीगावाचा बँड जिंकला, सॅक्सहॉर्न वाजवून. मग दर सप्टेंबरला आगगाड्या भरभरून माणसं बेल व्ह्यूला जाऊ लागली.

१८७४ चा सप्टेंबर. मंचावर लिंथवेटचा बँड, समोर एडविन स्विफ्ट. पहिलं बक्षीस लिंथवेटला!

जवळच मेल्थम मिल्सचा बँड होता. त्यांना शिकवायला जॉन ग्लॅडनी होते, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रातले क्लॅरिनेटवादक, पेशानं संगीतकार. मेल्थमनं पुढे १८७६, ७७ आणि ७८ अशी लागोपाठ तीन वर्षं बेल व्ह्यू जिंकलं. ग्लॅडनी, अलेक्झांडर ओवेन आणि स्विफ्ट. त्या काळातले तीन थोर बँडमास्तर म्हणून ही नावं आजही एका दमात घेतली जातात. त्यात आमचा विणकर आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

पुढे माग सुटला आणि स्विफ्ट गावोगावचे बँड घडवू लागला. ब्रॅडफर्डजवळच्या वाइक या एका गावातले दोन बँड त्यानं तयार केले. १८८८ मध्ये त्यातला एक बेल व्ह्यूला पहिला आला, १८८९ मध्ये दुसरा. वादक कोण? कामावरून परतलेली माणसं. १९०४ मध्ये स्विफ्ट गेला.

(पडद्यावर: डोंगरापलीकडचं सॅडलवर्थ. संध्याकाळ. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं.)

व्हिटसन, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण, त्यानंतरचा शुक्रवार. १८८४ पासून या दिवशी इथं बँडच्या स्पर्धा होत आल्या आहेत. डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल. बसमधून उतरायचं, रस्त्यानं एक मार्च वाजवत जायचं, ठरलेल्या जागी उभं राहून दुसरा वाजवायचा आणि धावत पुन्हा बस गाठायची, पुढच्या गावासाठी. परीक्षक पडदे ओढलेल्या खोलीत किंवा कॅरव्हॅनमध्ये बसलेला. बँड कोणाचा, हे त्याला दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त सूर पोचतो.

आताही यातली बहुतेक माणसं बिनपैशाची वाजवतात. कुणी शिक्षिका, कुणी नळकाम करणारा, कुणी निवृत्त. तिसऱ्या कॉर्नेटला बारा-तेरा वर्षांची मुलगी, तिच्या कागदावर पेन्सिलीनं केलेली एकच खूण: ‘श्वास’.

रस्त्यावरचा मार्च संपतो. बँड गोल करून उभा राहतो. बँडमास्तर मधे येतो, एकदा सगळ्यांकडे बघतो. त्या मुलीकडेही.

हात वर जातो.