सिल्फ, सॅलॅमँडर, अंडीन, नोम : विक्कातले हे चौघे आले कुठून?

(थेट कॅमेऱ्याकडे)

इटलीतलं फ्लॉरेन्स, साल साधारण १५०५. थंडीचे दिवस. ओकची लाकडं धडधडून पेटलीत आणि एक गृहस्थ विस्तवापाशी बसून एकटेच वाद्य वाजवत गातायत. अचानक त्यांना ऐन जाळात पालीसारखं काहीतरी बागडताना दिसतं. ते मुलांना हाका मारतात, मुलाला आणि मुलीला. ते जनावर त्यांना दाखवतात आणि पाच वर्षांच्या पोराच्या कानाखाली सणसणीत ठेवून देतात. पोर भोकाड पसरतं. मग बाप त्याला जवळ घेऊन समजावतो की तू काही चुकलेला नाहीस, जाळातला तो सॅलॅमँडर होता आणि तो तुझ्या जन्मभर लक्षात राहावा म्हणून मारलं. मग पापा घेतो आणि हातावर चार नाणी ठेवतो.

हा पोरगा पुढे बेनव्हेनुतो चेलिनी म्हणून गाजला. मोठा सोनार, मोठा शिल्पकार. ही हकिकत त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिली आहे, म्हणजे ती थोबाडीत वाया गेली नाही.

नमस्कार मंडळी. विक्का म्हणजे चेटकिणींचा म्हणवला जाणारा आजचा धर्म. त्यावरच्या रील्स बघत असाल तर ही चार नावं तुम्हाला पाठ असतील. हवेचे सिल्फ, अग्नीचे सॅलॅमँडर, पाण्याच्या अंडीन आणि मातीचे नोम. चार तत्त्वं, चार दिशा, चार प्रकारचे जीव. आणि खाली हमखास लिहिलेलं असतं की हे युरोपातल्या चेटकिणींचं हजारो वर्षांचं ज्ञान आहे. नाही हो. या चौकडीचा कर्ता आपल्याला नावानिशी माहीत आहे. तो डॉक्टर होता. आणि युरोपातल्या खेड्यापाड्यांतल्या आज्ज्या ज्या जिवांना बिचकून असायच्या, ते या चौकटीत बसतच नाहीत.

आधी सॅलॅमँडरचं काय ते बघू, कारण तो खराखुरा प्राणी आहे. काळं तुकतुकीत अंग, त्यावर पिवळे ठिपके नि पट्टे, बेडकाच्या नात्यातला. त्याला ओल लागते, म्हणून कुजक्या ओंडक्यांच्या पोकळीत हिवाळा काढतो. तोच ओंडका कुणी चुलाणात घातला की चटका बसल्यावर हा बिचारा जीव घेऊन बाहेर पळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, आगीतून जन्मला! पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला की याचं अंग इतकं गार असतं की आग विझते. तेराव्या शतकात मार्को पोलोनं खुलासा केला की सॅलॅमँडर हा प्राणी नसून डोंगरातून खणून काढलेला पदार्थ आहे. त्याचे धागे कातून कापड विणतात, आणि मळलं की ते कापड आगीत टाकून स्वच्छ करतात. म्हणजे ॲस्बेस्टॉस. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

(पडद्यावर : पॅरासेल्ससचं चित्र)

आता आपले डॉक्टर. थिओफ्रास्टस फॉन होहेनहाइम, जग त्यांना पॅरासेल्सस म्हणतं. जन्म १४९३, स्वित्झर्लंडमधलं आइन्झीडेल्न. मृत्यू १५४१, साल्झबुर्ग. माणूस महाभांडखोर. बाझेलच्या विद्यापीठात लॅटिन सोडून जर्मनमध्ये शिकवायला लागला, वैद्यकाचा एक जुना प्रतिष्ठित ग्रंथ चारचौघांत होळीत टाकला, आणि वर्षभरात तिथून गाशा गुंडाळावा लागला.

पण त्याच्या आयुष्यातली खाण विसरू नका. वडील वैद्य, बालपण फिलाख या खाणींच्या मुलखात गेलं, पुढे टायरोलच्या खाणींमध्येही तो वावरला. खाणकामगारांच्या छातीच्या विकारावर त्यानं स्वतंत्र पुस्तक लिहिलं. अमुक धंद्यामुळे अमुक आजार होतो, असं मांडणारं इतकं जुनं पुस्तक क्वचितच सापडेल.

आणि या खाणीत कोण असायचं? कोबोल्ड. जर्मन खाणकामगारांचा खोडसाळ भूमिगत गडी. चांदीसारखं दिसणारं खनिज हाती यायचं, भट्टीत घातलं की चांदी तर नाहीच, उलट विषारी धूर. त्यात आर्सेनिक असायचं. कामगार म्हणायचे, कोबोल्डनं चांदी पळवली आणि ही घाण आपल्या माथी मारली. १७३० च्या दशकात स्वीडनच्या गेओर्ग ब्रांडटनं त्यातून नवा धातू वेगळा केला, तोच कोबाल्ट. नाव त्या चोरट्याचंच चिकटलं.

असं सगळं ऐकत वाढलेला माणूस जेव्हा निसर्गातल्या अदृश्य जिवांवर लिहायला बसतो, तेव्हा तो गोष्टी सांगत नाही, वर्गीकरण करतो. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापून आलं. त्यातला विचार मला फार आवडतो. आपण हवेत कसे सहज चालतो? हवा आपल्याला अडवत नाही. तसा नोम खडकातून चालतो, खडक ही त्याची हवा. अंडीनला पाणी ही हवा. प्रत्येकाचं आपापलं तत्त्व. दुसऱ्याच्या तत्त्वात गेला की गुदमरतो. हे जीव खातात, पितात, कामं करतात, पोरंबाळं होतात, मरतात. भुतं नाहीत, सैतानही नाहीत. सोळाव्या शतकातल्या युरोपात हे म्हणणं धाडसाचं होतं, कारण चर्चच्या लेखी मधलं काही नव्हतंच. एक तर देवदूत, नाहीतर सैतान.

फक्त एक गोष्ट त्यांच्याकडे नाही. आत्मा. मेले की जनावरासारखे संपले. पण पाण्यातल्या स्त्रीनं माणसाशी लग्न केलं तर तिला आत्मा मिळतो, मुलांनाही मिळतो. यात एक अट आहे. नवऱ्यानं पाण्यावर असताना तिला दुखवायचं नाही. दुखवलं, तर ती पाण्यात परत जाते. आणि ऐका, लग्न मोडत नाही! ती गेली म्हणजे सुटलो असं समजून यानं दुसरं लग्न केलं, तर ती येऊन त्याचा जीव घेते. पॅरासेल्सस यासाठी श्टाउफेनबर्गच्या सरदाराची दंतकथा पुरावा म्हणून देतो.

आपल्याकडच्या वाचकाला इथे उर्वशी-पुरूरवा आठवणारच. तिथेही अट, अटीचा भंग, आणि मग तळ्यात पाणपक्षी होऊन पोहणाऱ्या अप्सरा. पण पॅरासेल्ससला शतपथ ब्राह्मण ठाऊक असण्याचं कारण नाही, तेव्हा त्यावरून कमेंटमध्ये युद्ध नको.

पुढचा प्रवास भराभर सांगते. १६७० मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूनं या चौकडीवर चेष्टेखोर पुस्तक लिहिलं. तिथून ती इंग्लंडच्या अलेक्झांडर पोपनं उचलली आणि १७१४ च्या आपल्या विनोदी काव्यात घातली. त्याच्या हिशेबानं नखरेल बाई मेल्यावर सिल्फ होते, तापट बाई सॅलॅमँडर, आणि सोवळेपणाचा आव आणणारी नोम. म्हणजे डॉक्टरनं गंभीरपणे मांडलेलं दीडशे वर्षांत दिवाणखान्यातल्या टवाळीला आलं. मग १८११ मध्ये जर्मन लेखक फुकेची अंडीन आली, आणि १८३७ मध्ये अँडरसनची छोटी जलपरी, जिला राजपुत्राइतकाच आत्माही हवा असतो. डिस्नेच्या जलपरीत आत्मा गळला, पण मूळ कथेत सगळी धडपड त्यासाठीच आहे.

आणि आता गिरगाव. हो, आपलं मुंबईचं गिरगाव. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्यावादी संस्थेच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ मध्ये न्यूयॉर्कला काढलेल्या जाडजूड ग्रंथात या तत्त्वजिवांवर पानंच्या पानं आहेत. १८७९ च्या फेब्रुवारीत बाई मुंबईत उतरल्या, गिरगावात बिऱ्हाड थाटलं, आणि त्याच ऑक्टोबरात त्यांचं मासिक मुंबईतून सुरू झालं. सोसायटी मद्रासजवळ अड्यारला गेली ती १८८२ च्या अखेरीस. परी म्हणजे फुलापानांची काळजी घेणारा निसर्गाचा सेवक, ही आज सगळीकडे दिसणारी कल्पना या मंडळींनीच घरोघरी नेली.

विक्काला लागणारी चौकट मात्र लंडनमधून आली. १८८८ मध्ये तिथे गोल्डन डॉन नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. त्यांनी दिशा ठरवल्या. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. प्रत्येक दिशेला अधिपती, प्रत्येक तत्त्वाला एक हत्यार.

मग येतात जेराल्ड गार्डनर. जन्म १८८४, मलायात कस्टम्सचे अधिकारी, मलाय खंजिरांवर पुस्तक लिहिलेले, १९३६ ला निवृत्त होऊन इंग्लंडात. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, आणि १९५४ मध्ये त्यांनी पुस्तक काढून जाहीर केलं की चेटकिणींचा जुना धर्म अजून जिवंत आहे आणि आपण त्यात आहोत. त्यांच्या विधीत काय होतं? नऊ फूट व्यासाचं वर्तुळ आखतात. वेदीवर मीठ, पाणी, धूप, मेणबत्ती. काळ्या मुठीचा सुरा, त्याला अथामे म्हणतात, हातात घेऊन पूर्वेपासून सुरुवात करतात. प्रत्येक दिशेला तोंड करून हवेत पंचकोनी तारा काढायचा आणि त्या दिशेच्या बुरुजाच्या स्वामींना बोलवायचं. हे बुरुज सोळाव्या शतकातल्या जॉन डी या इंग्रज विद्वानाच्या देवदूत-विद्येतले, गोल्डन डॉनमार्फत इथे पोचलेले. म्हणजे बघा, विधीचा हा भाग जवळजवळ सगळा सुशिक्षित शहरी लोकांच्या कपाटातून आलाय.

मग खेड्यात काय होतं?

स्कॉटलंडमध्ये ब्राउनी होता. एका घराचा गडी. रात्री येऊन धान्य झोडपायचा, लोणी काढायचा. त्याच्यासाठी वाटीभर साय ठेवायची. पण दया येऊन नवे कपडे शिवून दिलेत की गेला कायमचा. आता हा कुठल्या तत्त्वाचा? कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीतले नॉकर खडकावर ठकठक करायचे, कामगार त्यांच्यासाठी डब्यातल्या पेस्टीचा, म्हणजे सारण भरलेल्या भाजक्या करंजीसारख्या पदार्थाचा, तुकडा टाकायचे. त्यांना नोम म्हणून पृथ्वीच्या खात्यात घालता येईल, पण कामगारांना पृथ्वीतत्त्वाशी काय देणंघेणं? आपल्याकडच्या साती आसरांचं असंच असतं. त्या "जलतत्त्वाच्या" नसतात. त्या या विहिरीच्या असतात, त्या डोहाच्या असतात, शेंदूर फासलेले सात दगड त्यांची जागा दाखवतात, आणि ओटी तिथेच जाऊन भरावी लागते.

एक माणूस यासाठी मुद्दाम माहीत असावा. रॉबर्ट कर्क, स्कॉटलंडमधल्या ॲबरफॉइलचा पाद्री. १६९१-९२ च्या सुमारास त्यानं आपल्या हायलँड्समधल्या लोकांकडून पऱ्यांबद्दल ऐकलेलं लिहून काढलं. यातल्या पऱ्या माणूस आणि देवदूत यांच्या मधल्या आहेत, अंग घट्ट झालेल्या ढगासारखं, राहतात टेकड्यांच्या पोटात, आणि तिमाहीला घर बदलतात! पंखांचा पत्ता नाही. पंख चित्रकारांनी चिकटवले, अठराव्या शतकाच्या शेवटी, पोपच्या सिल्फांची चित्रं काढताना. १६९२ मध्ये कर्क गावाबाहेरच्या डून हिलवर फिरताना कोसळला आणि गेला. गावानं मानलं की गुपितं फोडली म्हणून पऱ्यांनी त्याला नेलं. आजही त्या टेकडीवरच्या पाइनच्या झाडाला लोक चिंध्या आणि चिठ्ठ्या बांधतात.

म्हणून विक्का खोटी का? माझं तसं मुळीच म्हणणं नाही. सत्तर वर्षांचा धर्मही धर्मच असतो. फक्त त्याचं वय वाढवून सांगू नका. खुद्द विक्कन लोक यात बरेच मोकळे असतात. अथामे अग्नीचा की वायूचा, यावर त्यांच्यात उघड मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातली गंमत तर ऐकण्यासारखी आहे. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेला अग्नी मांडणं विचित्र वाटतं. म्हणून तिकडचे बरेच जण अग्नी उत्तरेला नेतात, पृथ्वी दक्षिणेला, आणि वर्तुळाभोवती फिरतातही उलट्या दिशेनं. काही जण मात्र इंग्लंडची मांडणी जशीच्या तशी ठेवतात.

बाकी जल पश्चिमेला आणि आपला वरुणही पश्चिमेचा दिक्पाल, हे तुम्ही लिहिणारच आहात. पण आपला अग्नी आग्नेयेला असतो आणि वायू वायव्येला, तेही लिहा. तुमच्या गावच्या आसरांची जागा कुठे आहे, तिथे काय वाहतात, तेही कमेंटमध्ये सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलायचं आहे.