धुक्यातला हत्ती

पडद्यावर दिसतोय तो 'लीग ऑफ लेजंड्स' या व्हिडिओ गेमचा नकाशा. पाच विरुद्ध पाच. तीन वाटांवर चकमकी चालू असतात, पण मधल्या रानात प्रत्येक संघाचा एकच गडी हिंडत असतो. तो जंगलर. समोरचा जंगलर कुठे दबा धरून बसलाय, हे धुक्यामुळे त्याला दिसत नाही. ते ताडायचं असतं.

दक्षिण कोरियाच्या ली ह्यून-वूचं हेच काम होतं. खेळातलं नाव क्लाउडटेम्प्लर, संघ फ्रॉस्ट. खेळायची रीत सावध. उगाच कुरापत काढायची नाही. रानातली श्वापदं टिपत बळ साठवायचं, वेळ आली की धावून जायचं. अशा जंगलरला कोरियात 'शाकाहारी' म्हणतात. श्वापदं मारणारा शाकाहारी, गंमतच आहे! त्याच्या नावाची 'कोक्किरी'शी, म्हणजे हत्तीशी, सांगड घालून चाहत्यांनी त्याला 'क्लक्किरी' केलं.

2012. कोरियन लीगच्या वसंत मोसमाची फायनल, समोर आपलाच जोडसंघ ब्लेझ. हार, 0-3. सप्टेंबरात उन्हाळी फायनल, सीएलजी युरोपविरुद्ध 0-2 अशी पिछाडी. तिथून 3-2! ऑक्टोबरात लॉस एंजेलिस, जागतिक स्पर्धेची फायनल. पहिला डाव जिंकला, पुढचे तीन तैपेई असॅसिन्सनं नेले. मग 2013च्या फेब्रुवारीत हिवाळी फायनल, नाजिन स्वॉर्डकडून पुन्हा 0-3.

चार फायनल. करंडक एक.

तोवर खेळ पालटत होता. नवे जंगलर पहिल्या काही मिनिटांतच अंगावर येऊ लागले. 2013 मध्ये ली निवृत्त झाला आणि पुढे ओजीएन या गेमिंग वाहिनीच्या समालोचन कक्षात येऊन बसला.

कोरियात तिथे बहुधा तिघं असतात. एक जण आवाज चढवत खेळ हाकतो, दोघं उकल करतात. चढा आवाज जॉन योंग-जुनचा. उकल करायला लीच्या जोडीला किम दोंग-जुन, तोही एकेकाळचा खेळाडू, पण स्टारक्राफ्ट या दुसऱ्या गेमचा.

इथे मात्र धुकं नाही. दोन्ही बाजू उघड्या दिसतात. घरी बसलेला प्रेक्षक ओरडतो, "अरे, झुडपात उभा आहे, दिसत नाही का?"

नाहीच दिसत. आणि हे सांगायला जंगलरच हवा.

2019 मध्ये लीगचं प्रक्षेपण सोलच्या जोंगनो भागातल्या लोल पार्कमध्ये हललं. लीही तिकडे गेला. खाली रानात नवी पोरं हिंडत होती. आणि तो वरून सगळं दिसत असताना, त्यांना काय दिसत नाही ते सांगत होता.