पळसाला पाने तीनच, पण सारखी नाहीत

[दृश्य: पर्वतीचा पायथा. सकाळची रहदारी, हॉर्न, भाजीची हातगाडी.]

पुण्यात गेंडा होता. सिंहही होता. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना इथेच, पर्वतीच्या पायथ्याशी होता. शिकारखाना म्हणजे पाळलेल्या जंगली जनावरांचा संग्रह. आज इथे स्कूटर लावायला जागा मिळाली तरी माणूस देवाचे आभार मानतो.

१७९० साली या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र एका पुणेकराने काढलं. त्याचं नाव गंगाराम तांबट. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करायचा. वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली, तसा हा गेंडाही उतरवला. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुण्यात नाही. चालायचंच.

आता त्याआधीचा एक गेंडा बघा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना नजर केलेला हा गेंडा १५१५ साली जहाजाने लिस्बनला पोचला. जर्मनीत बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने त्याचं वर्णन वाचलं, कुणीतरी केलेलं एक कच्चं रेखाटन पाहिलं आणि त्यावरून लाकडी ठशाचं चित्र केलं. ते युरोपभर गाजलं. त्यातल्या गेंड्याच्या अंगावर चिलखताच्या पट्ट्या आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक जास्तीचं शिंगही आहे. ड्यूररचा हात जगात पहिल्या प्रतीचा होता. त्याच्यासमोर गेंडा नव्हता, एवढंच.

तांबटांसमोर होता. निसर्गाची चित्रं काढणाऱ्यांबद्दल आम्हाला जे म्हणायचंय, ते या दोन गेंड्यांमध्ये बरंचसं आलं.

[दृश्य: सारसबाग, पेशवे पार्कचं फाटक.]

शिकारखाना गेला. त्याच परिसरात १९५३ साली महापालिकेचं पेशवे पार्क सुरू झालं. पुण्यातल्या दोन पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ तिथे पाहिला आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी तिथे पिंजऱ्यांसमोर वह्या भरवल्या. पुढे प्राणी कात्रजला गेले. हे सगळं बंदिस्त जनावरांचं झालं. मोकळं जे आहे ते पाहायला टेकडीवर जावं लागतं.

[दृश्य: वेताळ टेकडी, फेब्रुवारीअखेर. वाळलेलं गवत, निष्पर्ण सालई, उतारावर पेटलेला एक पळस.]

सकाळी सात वाजता टेकडीवर चालणारे असतात, पळणारे असतात, मोठ्यांदा हसणारे असतात. थोडे लोक मात्र एका जागी बसलेले दिसतात. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, शेजारी पाण्याची बाटली. यांच्याकडे बघून बाकीचे लोक जरा हळू चालतात आणि वहीत डोकावल्याशिवाय पुढे जात नाहीत.

त्यातली एक मुलगी, कॉलेजात शिकणारी, पळसाचं पान काढत होती. शेजारी बसलेले निवृत्त शिक्षक तिच्या वहीत बघून म्हणाले, "अगं, पान मोजलंस, पाहिलं नाहीस."

"काका, तीनच आहेत की."

"तीन आहेत. पण तिन्ही एकाच छापाची काढलीस."

[दृश्य: जवळून. हातात धरलेलं पळसाचं पान.]

तुम्हीही बघा. मधलं पान दोन्ही अंगांनी सारखं आहे, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळतं. बाजूच्या दोघांचं तसं नाही. त्यांची मधली शीर एका बाजूला सरकलेली आहे, त्यामुळे पानाचा एक अर्धा भाग मोठा आणि दुसरा लहान. डावं आणि उजवं एकमेकांची आरशातली प्रतिमा. आपण सगळे लहानपणापासून 'पळसाला पाने तीनच' ही म्हण वापरत आलो, पत्रावळीवर जेवलो, आणि तरी पळसाचं पान काढा म्हटलं की दहातले नऊजण एकच पान तीनदा काढतात.

फुलाचंही तसंच. लांबून नुसता केशरी जाळ दिसतो. हातात घेतलं की देठाजवळचा वाटीसारखा भाग काळपट हिरवा आणि मखमली लागतो. केशरी पाकळ्यांवर बारीक रुपेरी लव असते, म्हणून उन्हात रंग थोडा दुधी दिसतो. खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली. शिक्षक काकांचा नियम सोपा आहे: ट्यूबमधला नारिंगी सरळ कागदावर लावायचा नाही. आधी लव कुठे चमकते ते बघायचं, तेवढा कागद कोरा सोडायचा, मग रंगाला हात घालायचा. त्यांनी सांगितलं आणि पुन्हा आपल्या वहीत डोकं घातलं. मुलाखत द्यायला ते तयार नव्हते. "फुलाची घ्या," म्हणाले.

इथे एक सांगून ठेवू. सगळ्या कलेला हा नियम लावायला आमचीही तयारी नाही. बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. अडकित्ते बघा, समया बघा, पानाचे डबे बघा. जिकडेतिकडे पोपट, मोर, हंस. त्यातला पोपट कुठल्या जातीचा, असं विचारायचं नसतं. तो पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला पोपट आहे आणि सुपारी कातरताना तो अंगठ्याखाली बरोबर बसतो. पैठणीच्या पदरावरच्या मोराचंही तेच. त्या कारागिरांनी पाहणं आधीच करून ठेवलंय, पुढच्यांनी त्याचं वळण घोटलं. अडचण होते ती अर्धवट कामाची. मोबाइलवर दिसलेलं कुठलंतरी परदेशी पान, त्यावर कुठलातरी पक्षी, आणि खाली लिहायचं "सह्याद्री".

[दृश्य: भिंगाखाली कंदीलपुष्प. पेनाचं टोक, एकेक ठिपका.]

अगदी दुसऱ्या टोकाचं काम शास्त्रीय चित्रकारांचं. पुणे हे वनस्पतींच्या अभ्यासाचं जुनं शहर आहे. इथल्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. कोरेगाव पार्कात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. दोन्हीकडे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे.

पण वाळवलेल्या फुलाचा रंग जातो आणि फूल चपटं होतं. पळसाला ते चालून जाईल, कंदीलपुष्पाला नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या उतारांवर येणारी ही नाजूक वेल. तिच्या काही जाती जगात फक्त इथेच आहेत आणि त्याही मोजक्या जागी. फूल म्हणजे एक उभी नळी, तळाशी फुगलेली. वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये खिडक्या. चिलटाएवढी माशी वासाने आत शिरते. नळीच्या आत केस असतात, त्यांची टोकं खाली वळलेली. उतरायला वाट आहे, चढायला नाही. फूल जुनं झालं की केस मलूल होतात आणि माशी सुटते, अंगाला परागांचा पुंजका चिकटवून.

फोटोत यातलं काय दिसतं? बाहेरची नळी. चित्रकार फूल उभं चिरून दाखवतो: हे केस, ही माशी अडकते ती जागा, हे पराग. फोटोत एक भाग स्पष्ट झाला की दुसरा धूसर होतो, चित्रात सगळंच स्पष्ट ठेवता येतं. सावलीसुद्धा रेघांनी न भरता ठिपक्यांनी भरतात, कारण रेघ मारली तर बघणाऱ्याला ती शीर वाटेल नाहीतर केस वाटेल. भिंगाखाली मान घालून तासन्‌तास ठिपके द्यायचे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत आणि बहुतेक वेळा पैसेही बेताचेच मिळतात.

[दृश्य: एका बंगल्याचं मागचं अंगण. पातेली, वाफ, दोरीने बांधलेल्या कापडाच्या गुंडाळ्या.]

कोथरूडमधल्या या अंगणात एक ताई कापडावर पानांची छपाई करतात. इथे पानाचं चित्र पानच काढतं. सुती कापड आधी खळ जाईपर्यंत धुतात, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हिरडा आपल्याच जिल्ह्यातला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, त्यांच्या वर्षाच्या कमाईतला तो मोठा वाटा. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. टॅनिनला लोह भेटलं की काळा रंग तयार होतो, आणि कापडात शिरलेला हा काळा सहजासहजी निघत नाही. म्हणून गंजके खिळे पाण्यात भिजत घालायचे, त्या पाण्यात पानं बुचकळायची, कापडावर मांडायची, काठीवर घट्ट गुंडाळायची, सुतळीने आवळायची आणि वाफेवर ठेवायची.

"ताई, आता उघडू?" आमच्या कॅमेरामनला धीर नव्हता.

"नाही रे बाबा. थंड होऊ दे. उद्या ये."

[दृश्य: दुसऱ्या दिवशी. गुंडाळी उलगडते.]

सागाचं पान जांभळट उठलंय. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडलं की हात लाल होतो, खेड्यातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. निलगिरी तांबूस उमटलीये. आणि हे जे फिकट, डाग पडल्यासारखं दिसतंय, ते पिंपळाचं. वहीत ठेवून जाळी करायला पिंपळपान उत्तम, छपाईला मात्र त्याने ताईंना दाद दिली नाही. कुठलं पान किती रंग सोडेल हे झाडावर आहे, ऋतूवर आहे, पाऊस किती दिवसांपूर्वी पडला त्यावरही आहे.

पळसाच्या फुलांचा रंगही इथे करतात. फुलं पाण्यात भिजवायची, तुरटी घालायची, सुरेख पिवळा निघतो. आपल्याकडे रंगपंचमीला हाच रंग असायचा. फक्त त्याचं चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो. नैसर्गिक म्हटलं की सगळं टिकाऊ, असा एक समज बाजारात पसरलाय. तो गिऱ्हाइकाच्या पैशांवर टिकून आहे.

कागद मात्र टिकतो, चांगला असेल तर. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची. सुती चिंध्यांचा लगदा, तो पाण्यातून चाळणीवर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. झाड तोडायला लागत नाही. या कागदाच्या पोतावर जलरंग जरा हट्टीपणा करतो, सवय व्हायला वेळ लागतो.

[दृश्य: टेबलावर कुंचले. एक सुगरणीचं घरटं.]

आता थोडं अडचणीचं. बारीक रेघेसाठी चित्रकारांचा आवडता कुंचला बरीच वर्षं मुंगसाच्या केसांचा होता. टोक सुईसारखं, रंग धरून ठेवणारं. एका कुंचल्यामागे मुंगूस मेलेलं असतं, कुणी कापून केस काढून सोडून देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि या कुंचल्यांचा व्यापार गुन्हा आहे. तरी "ओरिजिनल आहे, साहेब" असं कानात सांगणारा कुणीतरी भेटतो. नायलॉनचे कुंचले आता इतके चांगले मिळतात की सबब उरलेली नाही. मुंगसाच्या कुंचल्याने काढलेलं पक्ष्याचं चित्र आम्हाला तरी बघवणार नाही.

काचेत टाचलेली फुलपाखरं, घुबडाची नखं, रानपक्ष्यांची पिसं यांचंही असंच. "सापडलं म्हणून उचललं" हे कायद्याला पुरत नाही. मोराने आपण होऊन गाळलेल्या पिसांना देशात सवलत आहे, पण ती बाहेर पाठवता येत नाहीत. आणि सुगरणीचं घरटं? हंगाम संपला, रिकामं आहे, म्हणून लोक दिवाणखान्यात टांगायला नेतात. जुन्या घरट्यांत मुनिया संसार थाटतात. तेव्हा ते रिकामं दिसलं तरी बिनमालकाचं असेलच असं नाही. तिथेच बसून काढा की! सुगरण नर विणत असताना काढलात तर गवताचा पहिला फास फांदीला कसा पडतो तेही कळेल.

[दृश्य: कवडीपाट, डिसेंबर. मुळा-मुठेचा बंधारा. पाण्यावर पांढरा फेस.]

लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट. हिवाळ्यात इथे चक्रवाक येतात, तुतवार येतात, धोबी येतात. चित्रबलाक आणि शेकाट्या तर आहेतच. शेकाट्याचे पाय लाल, अशक्य लांब, आणि ते पाय रोवलेले असतात शहराने सोडलेल्या सांडपाण्यात. फेस, पिशव्या, निर्माल्य, थर्माकोल.

इथे येणाऱ्या चित्रकारांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, पक्षी काढा, बाकीचं सोडून द्या. चित्र सुंदर हवं. घेणाऱ्यालाही तेच हवं असतं. दुसरा म्हणतो, समोर दिसतं ते सगळं काढा. एका चित्रकार बाईंना गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलं, "मॅडम, हॉलमध्ये लावायचंय हो. तो कचरा तेवढा काढून टाकाल का?" त्यांनी काढून टाकला. घर चालवायचं असतं. पण त्याच सकाळचं त्यांच्या वहीतलं पान आम्ही पाहिलं. त्यात शेकाट्याच्या गुडघ्यापर्यंत फेस आहे, मागे अडकलेली निळी पिशवी आहे, आणि कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा लिहून पुढे "वास असह्य" असं लिहिलंय. आमचं मत विचाराल तर ते पान विकलेल्या चित्रापेक्षा कितीतरी सरस आहे. पिशवीचा निळा आणि पायांचा लाल यांनी चित्र असं काही धरून ठेवलंय की पिशवी काढली तर ते मोडेल.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या सुमाराला पोचा. भडक कपडे नकोत, काठावर उतरताना दगड निसरडे असतात. आणि जलरंग नेणार असाल तर पाणी घरून न्या.