म्हाताऱ्याला दुभाष्या द्या

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, ‘जुना संगणक आजच्या सुरक्षित वायफायला कसा जोडावा’. त्याकडे येतोच. पण समोरून पहिला प्रश्न दिसतोय, की मुळात तो भंगारात का देत नाही?

कारण आहे. आमच्या घरी 2002 चा लॅपटॉप आहे, विंडोज एक्सपीवाला. प्रिंटरच्या पोर्टात एक डाँगल खोचलेलं असतं, ते असेल तरच मराठी डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, येण्याआधीचे फाँट आणि पेजमेकरमध्ये लावलेले दिवाळी अंक, सगळं त्यात. नव्या मशीनवर फाइल उघडा, ‘दीपावली’च्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची भेळ दिसते. मागच्या रांगेत हशा पिकलाय, म्हणजे प्रेसमध्ये डोळे घालवलेले लोक तिथं बसलेत.

तर, नेट बसवायला एक मुलगा आला. लॅपटॉपकडं बघून म्हणाला, “काका, ह्याला फक्त डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं जुनं कुलूप, समजतं. राउटरलाच ते लावून देतो, झटक्यात काम.” तेरा अक्षरांची किल्ली माझ्याकडून टाइप करून घेतली, चहा प्याला आणि गेला. स्क्रीनवर ‘ॲक्वायरिंग नेटवर्क ॲड्रेस’. तासाभरानंही तेच. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अजून पत्ताच शोधतोय? पोस्टमनला विचारा म्हणावं.” रात्री अकराला कळलं, एक अक्षर चुकलं होतं. आता गंमत बघा, डब्ल्यूईपी किल्ली चुकली हेसुद्धा सांगत नाही. आत तर घेतं, पण बोललेलं कुणाला कळत नाही. काही समित्यांवर मी असाच होतो. (अध्यक्षसाहेब, ही नव्हे.)

अक्षर दुरुस्त केलं, लॅपटॉप जोडला गेला, मी खूश. सकाळी सूनबाई फोन घेऊन आल्या, “बाबा, आपलं नेटवर्क असुरक्षित आहे असं दाखवतंय.” पाठोपाठ चिरंजीव, “नेट एवढं स्लो का?” कारण डब्ल्यूईपी लावलं की राउटरचा नवा वेग बंद, सगळं घर 54 मेगाबिटच्या जुन्या मर्यादेत. एका म्हाताऱ्यासाठी अख्ख्या घराला पातळ वरण!

वेग परवडला, कुलूप नाही. डब्ल्यूईपी आलं 1997 मध्ये. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक टाकून ते किल्ली बदलल्यासारखं करतं. क्रमांक 24 बिटांचा, म्हणजे एकूण 1 कोटी 67 लाखांच्या आसपास. ऐकायला मोठा आकडा, पण वर्दळीच्या नेटवर्कवर तो संपतो आणि तेच क्रमांक परत येतात. एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा संपला म्हणून कंडक्टरनं जुनाच पुन्हा फाडायला घेतला, तसं. 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातली भेग दाखवली आणि 2007 पर्यंत ते एका मिनिटाच्या आत फुटायला लागलं. शेजारच्या पोराला दहावीच्या सुट्टीत जमेल! नेट बसवणाऱ्या त्या मुलाला फोन केला, तर म्हणतो, “काका, तुमच्याकडं चोरण्यासारखं आहे काय?” अहो, पेन्शनचं बँक खातं आहे. हे मला अजून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मूळ विषय. पहिला उपाय म्हणजे लॅपटॉपलाच शिकवा. एक्सपीला डब्ल्यूपीए 2, म्हणजे डब्ल्यूईपीनंतरचं पक्कं कुलूप, आलं 2005 च्या जोडपट्टीनं (पॅचनं), नंतर 2008 च्या सर्व्हिस पॅक 3 मध्ये. पण विंडोज शिकलं तरी वायफायचं कार्ड शिकलं पाहिजे. 11 मेगाबिटवाल्या बऱ्याच कार्डांना डब्ल्यूपीए 2 ची एईएस ही सांकेतिक भाषा येत नाही, आणि त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरं, आता कुणी लिहीत नाही. मधल्या काळात आलेल्या डब्ल्यूपीएमधलं टीकेआयपी हे कुलूप जुन्या कार्डांवर चालावं म्हणूनच केलेलं, पण तो तात्पुरता टेकू होता.

म्हणून माझं म्हणणं, म्हाताऱ्याला शिकवू नका, दुभाष्या द्या. क्लायंट मोडवर, म्हणजे स्वतःच दुसऱ्या वायफायला जोडून घेऊन, चालणारा छोटा राउटर घ्या. घरच्या वायफायचा पासवर्ड त्यात भरा, तो डब्ल्यूपीए 2 मध्ये बोलेल. त्याच्यापासून लॅपटॉपपर्यंत साधी लॅनची वायर. लॅपटॉपला वाटतं, आपण 2002 मध्येच आहोत. घरचं कुलूप जसंच्या तसं.

आणखी एक, घाईत सांगतो. जोडलं म्हणून ब्राउझिंग करू नका. एक्सपीला 2014 पासून नियमित सुरक्षा-दुरुस्त्या नाहीत, आणि त्याच्या इंटरनेट एक्स्प्लोररचं टीएलएस, म्हणजे साइटशी गुप्त बोलायचं तंत्र, इतकं जुनं की बहुतेक साइट उघडणारच नाहीत. आपल्याला फक्त फायली हलवायच्यात. विंडोज 10 च्या नव्या आवृत्त्यांत जुनं फाइल शेअरिंग आपोआप येत नाही, तेव्हा दुसऱ्या मशीनवर एफटीपी, म्हणजे फायली देण्याघेण्याचा, सर्व्हर लावा, तो घराबाहेर उघडा ठेवू नका, आणि... हो हो, थांबतो. बाकीचं चहाच्या वेळी. डाँगल कुठं मिळेल हे मात्र विचारू नका, माझ्याकडं एकच आहे.