गड्डा ते गड्डा : लहान घरात जाण्यापूर्वीचे एक वर्ष

उतारवयात मोठे घर विकून लहान घरात जावे की जाऊ नये, या विषयावर आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला बोलायला सांगितले, त्याचे कारण माझा व्यवसाय असावा. तीस वर्षे मी सोलापुरात घरांचे मूल्यांकन केले. म्हणजे टेप घेऊन दुसऱ्यांच्या घरांतून हिंडलो, भिंती ठोकून पाहिल्या आणि बँकेला, कोर्टाला किंवा वाटणीला बसलेल्या भावंडांना एक आकडा लिहून दिला. आकडे मी आजही सांगणार आहे, परंतु थोडे उशिराने सांगेन. या प्रश्नात पस्तावलेली जी माणसे मी पाहिली त्यांतली फार थोडी हिशेबात चुकली होती. बहुतेकांनी आपला दिवस कसा जातो हे नीट न पाहता घर पाहायला सुरुवात केली होती.

घर मोठे आहे असे आपण म्हणतो तेव्हा खोल्या मोजतो. रिकाम्या खोलीचा त्रास मात्र फारसा नसतो. तिला कुलूप घातले की ती महिनोन्‌महिने काही मागत नाही. सोलापुरात घराचा खरा भार पाण्याचा आहे. उजनीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरच्या जलवाहिनीतून आपल्यापर्यंत येते, जोडीला भीमेवरच्या टाकळीचे आणि हिप्परग्याच्या तलावाचे आहे, आणि तरीही चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार करायची सवय आपल्याला कित्येक वर्षांची आहे. पाण्याच्या दिवशी कुठे जायचे नाही, रात्री-अपरात्री नळाचा आवाज आला की उठायचे, हौद भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची, टाकी वाहून जाऊ नये म्हणून जिन्यात उभे राहायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी हे काम आहे असे वाटतसुद्धा नाही. पंचाहत्तराव्या वर्षी मात्र आठवड्याचा सगळा बेत त्या दिवसाभोवती बांधावा लागतो. फ्लॅटमध्ये हे काम सोसायटीच्या टाकीकडे आणि पंप चालवणाऱ्या माणसाकडे जाते, हा माझ्या मते लहान घराच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. एका खोलीने कमी झालेल्या झाडलोटीपेक्षा तो कितीतरी वजनदार आहे. अर्थात उन्हाळ्यात टँकरची वर्गणी निघते आणि सेक्रेटरी कोण यावर पुष्कळ अवलंबून असते, हेही आपण जाणताच.

शहराच्या पूर्व भागातल्या मंडळींसाठी हा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथल्या विणकर कुटुंबांत घर आणि कारखाना एकाच छपराखाली असायचा. खाली माग, वर संसार. मागाचा खडखडाट थांबला की शेजारच्या खोलीतले मूल दचकून जागे व्हायचे, असे मी त्या घरांतून अनेकदा ऐकले आहे. अशा घराचे माप घेताना निम्म्याहून अधिक जागा मागांनी व्यापलेली असायची, आणि माग भंगारात गेल्यावर तीच जागा एकाएकी फार मोठी वाटू लागायची. तिथे लहान घरात जाणे म्हणजे चादरीचा आणि टॉवेलचा धंदा आपल्या हयातीत संपला हे मान्य करणे असते. त्या घरातला म्हातारा विक्रीला नाही म्हणतो तेव्हा तो हट्टी आहे असे मुलांनी समजू नये. त्याने ती कबुली देईपर्यंत थांबावे, निदान त्याच्यासमोर दलालाला आणू नये.

आता उन्हाविषयी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३ अंशांपलीकडे जातो, आणि जुनी घरे हे जाणून बांधलेली होती. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती आणि वर माळवद. दुपारी आत पाऊल टाकले की डोळे निवायचे. माळवदाची दरवर्षीची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न खराच आहे, आणि माती-लाकडाच्या छपराखाली एकट्या माणसाने पावसाळा काढणे नेहमीच सुरक्षित असते असेही नाही. परंतु ते सोडून ज्या फ्लॅटमध्ये आपण जातो, तो वरच्या मजल्यावर आणि पश्चिमेला तोंड करून असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. सॅम्पल फ्लॅट आपल्याला बहुधा दिवाळीच्या सुमारास, संध्याकाळी, पंखा लावून दाखवला जातो. मी सांगेन की घर मे महिन्यात दुपारी चार वाजता पाहावे आणि पंखा बंद करायला लावावा. त्याच वेळी न्हाणीघराच्या दाराला टेप लावावी. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांकरिता महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत असे म्हटले आहे. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटांत न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे, म्हणजे जेमतेम ७५० मिलिमीटरचे असते. त्यातून चाकाची खुर्ची नेताना कोपर खरचटते.

पैशाकडे येतो. समजा, जुने घर ९० लाखांना गेले आणि ५५ लाखांचा फ्लॅट घेतला. हातात ३५ लाख उरतील असे घरातल्या चर्चेत गृहीत धरले जाते. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरले तर ३ लाख ३० हजार, नोंदणीचे ३० हजार, दोन्ही व्यवहारांची दलाली एकेक टक्का धरली तरी १ लाख ४५ हजार. मग जाळ्या, कमोड, आधाराचे दांडे, नव्या मापाची कपाटे, सामानाची ने-आण. ८ लाख कुठे गेले ते कळत नाही आणि ३५ चे २७ होतात. फ्लॅट पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे आपल्या उदाहरणात ५५ हजार रुपये वाचतात. ही सवलत घ्यावी, आणि केवळ पैशासाठी घ्यावी असे नाही. मागे राहणारी व्यक्ती बहुधा तीच असते.

प्राप्तिकराची बाब जरा बारकाईने ऐकावी. जुन्या घराच्या नफ्यावर कर लागतो, पण ज्याला आपण इतकी वर्षे कलम ५४ म्हणून ओळखत आलो त्या सवलतीनुसार विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत दुसरे राहते घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतलेल्या रकमेइतका नफा करमुक्त होतो. नफा काढताना २००१ पूर्वीच्या घराची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत धरता येते; मात्र ती त्या दिवसाच्या शासकीय मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवे घर ठरले नसेल तर रक्कम बँकेतल्या भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. आणि इथे एक काटा आहे, जो विक्रीच्या घाईत कोणाच्या ध्यानात येत नाही : नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर घेतलेली सवलत पुन्हा करात ओढली जाते. म्हणजे लहान घर मानवले नाही, तर मुद्रांक शुल्क गेलेच, दलाली गेलीच, वर वाचवलेला करही परत भरायचा. जुने घर तर तोवर पाडून तिथे पार्किंग झालेले असते.

सह्यांचे म्हणाल, तर वडिलोपार्जित घर असेल तेव्हा मुलींची सही लागणार हे गृहीत धरूनच बोलणी करावीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला जन्मतः हक्क मिळाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नव्हती हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. घर मुलाच्या नावे करून त्याच्याकडे राहायला जाण्याचा बेत असेल तर, बक्षीसपत्राचे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे म्हणून भुलू नये. सांभाळ करण्याची अट दस्तात शब्दांनी लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातले कलम २३ अशा अटीच्या आधारानेच ते हस्तांतरण रद्द करू शकते. अट लिहिण्यात मुलावर अविश्वास नाही. मुलाचेही दिवस फिरू शकतात.

हे सगळे जाणूनही माझ्या स्वतःच्या घराच्या बाबतीत मला निर्णय घेता येईना. बाळीवेशीजवळ वडिलांनी १९६८ साली बांधलेले घर, वर आम्ही १९८४ मध्ये चढवलेला मजला, राहणारे आम्ही दोघे. मुले पुण्यात. हजारो घरांची किंमत मी केली, पण स्वतःच्या उंबऱ्याची करताना टेप हातात धरवेना. तेव्हा माझ्या पत्नीने सुचवले की, विकायचे पुढचे पुढे पाहू, आधी याच घरात लहान होऊन राहून पाहू. गेल्या वर्षीच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेत, अक्षता सोहळा उरकून आल्यावर, आम्ही वरच्या मजल्याला कुलूप लावले आणि ठरवले की पुढच्या गड्ड्यापर्यंत खालच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्यातच राहायचे. जिन्याच्या कठड्याला एक वही बांधली. वर जावे लागले की तारीख आणि कारण लिहायचे, एवढाच नियम.

वर्षभरात त्रेसष्ट नोंदी झाल्या. त्यांतल्या अडतीस वरच्या टाकीच्या होत्या. एप्रिलमध्ये कुरडया आणि सांडगे वाळवायला गच्चीवर सलग नऊ दिवस जावे लागले. दिवाळीत मुले-नातवंडे आली तेव्हा चार रात्री वरचा मजला उघडला, आणि तेव्हाही धाकट्या नातवाने खालीच आमच्या मध्ये झोपायचा हट्ट धरला. उरलेल्या नोंदी किरकोळ होत्या : शेंगाचटणीचे उखळ, जुने कागद, एकदा मांजर. ज्या वस्तूंसाठी आपण मोठे घर धरून ठेवतो ती घंगाळे, हंडे, माझी नियतकालिके, यांच्यासाठी वर्षात एकदाही कोणी जिना चढले नव्हते.

पण वहीत न मावणाऱ्या दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, पत्नीचा ओटा. सकाळी रांगोळी काढून ती अर्धा तास तिथे बसते आणि तेवढ्या वेळात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांतून गल्लीची खबर तिच्यापर्यंत पोचते. दुसरी, माझी सिद्धेश्वर मंदिरापर्यंतची पायी फेरी. आमच्या घराच्या मूल्यांकनात या दोहोंची किंमत शून्य धरली जाईल, मीही तशीच धरली असती. नव्या जागेत खोल्या किती याऐवजी दाराबाहेर बसायला काय आहे आणि पायी कुठवर जाता येते, हे आम्ही विचारू लागलो ते यामुळे.

खर्चाचा काटा वर सांगितलाच आहे, म्हणून आम्ही लगेच फ्लॅट विकत घेतला नाही. जुळे सोलापूर या उपनगरात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, दोन खोल्यांची जागा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर घेतली आहे. करार रीतसर नोंदवला आहे. भाडे आणि सोसायटीचा खर्च मिळून जी रक्कम जाते, ती मघाच्या ८ लाखांच्या मानाने थोडी आहे. बाळीवेशीच्या घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते आणि पाण्याच्या दिवशी त्यांचा मुलगा आमचाही हौद भरतो, कारण माती-दगडाचे घर कोरडे आणि बंद ठेवू नये असे त्यांचे मत आहे. पत्नी आठवड्यातून दोनदा रिक्षाने जाऊन ओट्यावर बसून येते. फ्लॅटच्या मजल्यावर समोर जे कुटुंब आहे त्यांच्या दाराबाहेर तिने परवा रांगोळी काढून दिली, तेव्हा त्यांनी बसायला खुर्ची आणून ठेवली, ती अजून तिथेच आहे.

मे महिना अजून यायचा आहे. तो त्या स्लॅबखाली काढल्याशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही. आपल्यापैकी कोणाला दुपारी चार वाजता येऊन ते घर पाहायचे असेल तर जरूर या, पंखा मी बंद ठेवीन.