लोखंडाचा पार्ट फायबरचा करताना हा कोपरा आधी बघा

नमस्कार मंडळी. आज कुपवाड एमआयडीसीतल्या फायबरच्या शेडमधून बोलतोय. हातात पिकअपचं ब्रॅकेट आहे, मी स्वतः बनवलेलं. कॅमेरा जवळ आण. या काटकोनाच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ दिसतेय? इथं ते उकललं, पंधरा दिवसांत. चूक माझीच. जुन्या लोखंडी ब्रॅकेटवरून साचा काढला आणि तस्संच फायबरमध्ये ओतलं.

लोखंड सगळ्या बाजूंनी सारखंच जोर घेतं. फायबरचं गणित बांबूसारखं आहे. बांबू आडवा मोडायला घाम फुटतो, पण उभा घातला कोयता की सरळ चिरत जातो. जोर आतला काचेचा धागा घेतो. रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट द्रव, धाग्यांना नुसतं धरून ठेवतं. मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, थर आपण एकावर एक चढवतो ना, त्या दोन थरांच्या मधे धागा नसतोच, फक्त रेझिन. काटकोन उघडायला लागला की थर तिथंच सुटतात.

वजनाचा मोह खरा आहे. एक घनसेंटिमीटर स्टील 7.85 ग्रॅम, ॲल्युमिनियम 2.7, काचेचं फायबर साधारण 2 किंवा त्याहून कमी, कार्बनचं 1.6 च्या आसपास.

पण खरी कमाल पाट्यात, म्हणजे गाडीखालच्या पट्टीच्या स्प्रिंगमध्ये दिसते. 1981 च्या शेवरोले कॉर्व्हेटला मागं काचेच्या फायबरचा एकच पाटा होता, चार किलोच्याही आतला. आधीचे स्टीलचे पाटे त्याच्या पाचपट भरायचे! का जमलं? कारण पाटा एकाच दिशेनं वाकतो, म्हणून सगळे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब टाकता आले.

उष्णतेचंही बघा. इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड आज कितीतरी गाड्यांत काच मिसळलेल्या नायलॉनचा असतो. धूर बाहेर काढणारा मात्र धातूचाच. आपलं साधं पॉलिस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं, त्यामुळं सायलेन्सरजवळ ते लावूच नका. कुणी कितीही स्वस्तात देऊ दे.

आता हे नवीन ब्रॅकेट. कोपऱ्यात मोठी गोलाई दिलीय, बोट फिरवलं तरी अडत नाही. तिथं जाडीही वाढवलीय. बोल्टच्या भोकात स्टीलचा बुश, म्हणजे छोटी नळी, बसवलाय, नाहीतर बोल्ट आवळला की दाब थेट रेझिनवर येतो, ते चेपतं आणि बोल्ट ढिला पडतो. आज हे त्याच पिकअपला चढवतोय. उसाचा हंगाम संपला की उतरवून, असाच कोपरा जवळून दाखवीन.