डीलॉस : मुक्कामाला मनाई असलेले बेट

नमस्कार, श्रोतेहो. ग्रीसला जाणारे आपल्याकडचे प्रवासी बहुधा अथेन्सचा अ‍ॅक्रोपोलिस पाहतात, सँटोरिनीच्या निळ्या घुमटांसमोर छायाचित्रे काढतात आणि परततात. आज मी ज्या बेटाविषयी बोलणार आहे, तिथे राहायला हॉटेल नाही आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दिवसाउजेडी परतावेच लागते. एजियन समुद्रातल्या या बेटाचे नाव डीलॉस. क्षेत्रफळ जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. शेजारच्या मिकोनोस बेटाच्या जुन्या बंदरातून होडीने सुमारे अर्ध्या तासाचे अंतर.

ग्रीक पुराणकथा अशी, की देवराज झ्यूसची पत्नी हेरा हिच्या कोपामुळे, झ्यूसपासून गरोदर असलेल्या लेटोला बाळंतपणासाठी कोणतीही भूमी थारा देईना, तेव्हा या खडकाळ, दरिद्री बेटाने तिला जागा दिली आणि इथे प्रकाशाचा आणि संगीताचा देव अपोलो याचा जन्म झाला. पुढे घडले ते मात्र विलक्षण आहे. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने बेटाचे ‘शुद्धीकरण’ केले, तेव्हा इथल्या सगळ्या कबरी उकरून काढण्यात आल्या आणि यापुढे बेटावर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये, दिवस भरलेल्या बाईला आणि मरणपंथाला लागलेल्या माणसाला समोरच्या रेनिया बेटावर न्यावे, असा दंडक घालण्यात आला. सोयर आणि सुतक हे शब्द ज्या घरांत अजून उच्चारले जातात, तिथल्या श्रोत्यांना यामागची भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पण जे बेट एका बाळंतपणामुळे पवित्र ठरले, तिथेच बाळंतपणाला बंदी यावी, ही गोष्ट मला फार बोचते.

होडीतून उतरल्यावर बहुतेक लोक नॅक्सोस बेटाच्या लोकांनी अर्पण केलेल्या संगमरवरी सिंहांकडे धावतात. हे सिंह इ.स.पू. सातव्या शतकातले, मूळ मूर्ती आता संग्रहालयात आहेत आणि उघड्यावर त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. सिंहांच्या समोरचे पवित्र तळे हिवतापाच्या भीतीने विसाव्या शतकात बुजवले गेले, त्या जागी आता खजुराचे एक झाड दिसते. अपोलोच्या देवळांचे तर जोते आणि विखुरलेले दगड एवढेच उरले आहेत. म्हणून माझी सूचना अशी, की देवळांसाठी थोडा वेळ द्यावा आणि उरलेला सगळा घरांसाठी राखावा.

रोमने इ.स.पू. १६६ च्या सुमारास डीलॉसला जकातमुक्त बंदर केले आणि इटली, सिरिया, फिनिशिया, इजिप्त अशा ठिकाणांहून व्यापारी इथे येऊन राहिले. त्यांची घरे नाट्यगृहाजवळच्या अरुंद गल्ल्यांमध्ये आजही ओळखू येतात. घराच्या मधोमध खांबांनी वेढलेला चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके आणि वर बारीक रंगीत दगडांच्या तुकड्यांची चित्रमय फरशी. पाण्याची टंचाई असलेल्या बेटावर ही फरशी केवळ शोभेची नव्हती. छपरावरचे पाणी चौकातून टाक्यात उतरे. एका घरात क्लिओपात्रा नावाच्या एका अथेनियन बाईने (ही इजिप्तची राणी नव्हे) इ.स.पू. १३८ च्या सुमारास पतीचा पुतळा उभारला, कारण त्याने अपोलोच्या देवळाला चांदीच्या दोन तिवया अर्पण केल्या होत्या. पती-पत्नीचे पुतळे आता शिरविरहित आहेत, तरी दाराशी शेजारीपाजाऱ्यांना आपले दान दिसावे, ही इच्छा त्यांच्या उभे राहण्यात स्पष्ट वाचता येते. या वैभवाची दुसरी बाजूही आहे : इथल्या बाजारात एका दिवसात दहा हजार गुलामांची आवक-जावक होऊ शके, असे भूगोलकार स्त्राबोने लिहून ठेवले आहे.

इ.स.पू. ८८ मध्ये रोमचा शत्रू असलेल्या पोंटसच्या मिथ्रिडेटिस राजाच्या सैन्याने आणि इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटले, व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि हळूहळू शहर ओस पडले. नंतर फारशी वस्ती न झाल्यामुळेच एवढे अवशेष जागच्या जागी राहिले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांचे उत्खनन १८७३ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये युनेस्कोने डीलॉसला जागतिक वारशाचे स्थान दिले.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. बेटावर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे टोपी, भरपूर पाणी आणि घट्ट पकड असलेले बूट हवेत. सकाळची पहिली होडी धरावी, म्हणजे ११२ मीटर उंचीच्या किंथोस टेकडीवर उन्हाच्या आधी चढता येते आणि भोवती वर्तुळात पसरलेली सिक्लडीज द्वीपसमूहाची बेटे दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि कधीकधी होड्यांची ये-जा थांबते, म्हणून मिकोनोसला किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत. वारा अडवून बसलाच, तर मिकोनोसचे गाव पायी हिंडावे : चुन्याने पांढऱ्या केलेल्या वळणावळणाच्या गल्ल्या, एकेकाळी धान्य दळणाऱ्या आणि आता नुसत्याच उभ्या असलेल्या पवनचक्क्या, आणि चार छोटी चर्चे खाली व पाचवे त्यांच्या माथ्यावर अशी रचना असलेले पारापोर्तियानी. वारा पडल्याचे बंदरावर कळले, की होडी पुन्हा सुटते.